मदत हवी आहे: क्रँकचं मागचं ऑइल सील तीनदा बदललं, तरी गळती

गाडी १९९८ची, चार सिलिंडर डिझेल, टर्बो नाही. क्रँकशाफ्टचं (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) मागचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, दोन वर्षांत तीनदा बदललं. दर वेळी चार-पाच हजार किलोमीटर कोरडं, मग बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण) खालून थेंब सुरू. लांब चढ चढल्यावर जास्त. पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं?

प्रतिसाद १
तेल सीलमधूनच येतंय याची खात्री करा. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरचं झाकण) मागच्या कोपऱ्यातलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळून तिथेच टपकतं. गिअर ऑइल असेल तर गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन धुवून पूर्ण कोरडं करा, पाठीवर टाल्कम पावडर मारा आणि पंधरा-वीस किलोमीटर चालवून बघा. पावडरीवर ओघळ कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसतं.

प्रतिसाद २
चढावर वाढतं म्हणजे मला क्रँककेसमधल्या (क्रँकभोवतीची इंजिनाची पोकळी) दाबाचा संशय आहे. दाब वाढला की सीलची लिप (क्रँकला टेकणारी पातळ कड) उचलली जाते, मग सील कितीही चांगलं असो.

मोजायला खर्च नाही. तेल भरायच्या जुन्या झाकणाला भोक पाडून निपल बसवा, त्याला पारदर्शक नळी जोडून यू आकारात टांगा. दोन्ही बाजू निदान ३० सेंमी उंच ठेवा आणि पाणी निम्म्यापर्यंतच भरा, नाहीतर ते इंजिनात ओढलं जाईल. डिपस्टिकच्या भोकात नळी घालू नका. काही इंजिनांत त्या पाइपचं टोक तेलात बुडालेलं असतं. आयडलिंगला पाणी समपातळीत किंवा किंचित इंजिनाकडे ओढलेलं हवं. उलट ढकललं जात असेल तर ब्रीदर पाइप (क्रँककेसमधली हवा बाहेर नेणारा) सोडून पुन्हा बघा. दाब गेला, तर ब्रीदर किंवा त्यातली जाळी तुंबली आहे. राहिला, तर बहुतेक जण थेट पिस्टनच्या रिंगांवर येतात, कारण झिजलेल्या रिंगांतून वायू क्रँककेसमध्ये उतरतो. थांबा. अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप आपली हवा इंजिनातच सोडतो. ब्रेक बूस्टर (पंपाच्या निर्वातावर ब्रेक हलका करणारा डबा) गळका असेल तर तो सतत हवा आत ढकलत राहतो. गाडी उभी ठेवून पंपाकडे जाणारा पाइप काढा, पंपाचं तोंड बंद करा आणि पुन्हा मोजा.

मूळ प्रश्नकर्ता
पावडरीवर वरून ओघळ नाही, वासही इंजिन ऑइलचाच. पाण्यात ६ सेंमी फरक. ब्रीदर सोडूनही तेवढाच. पंपाचं तोंड बंद केल्यावर जवळपास समपातळी!

प्रतिसाद २
मग रिंगांना हात लावू नका. बूस्टरचा डायफ्राम, एकदिशा व्हॉल्व्ह आणि होज तपासा. पेडल दाबल्यावर फुसफुस आवाज आला तर बूस्टरच गेला. तोंड बंद ठेवून गाडी रस्त्यावर नेऊ नका, ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागेल.

प्रतिसाद ३
सील मात्र बदलावंच लागेल. क्रँकवर सील टेकतं तिथे नख फिरवा. खाच लागली तर नवं सील एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर बसवा (तेलाचं भोक झाकलं जाणार नाही एवढं पाहून) किंवा पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवा. एमरी पेपर तिरका ओढू नका, त्या रेषा पंपासारखं तेल बाहेर काढतात. रबरी लिपला तेल लावून बसवा. लिप पीटीएफईची (टेफ्लॉन) असेल तर लिप आणि क्रँक दोन्ही कोरडेच हवेत. फ्लायव्हील काढलेलं असताना क्रँक वर-खाली हलवून डायल गेजने (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) हालचाल मोजा. मेन बेअरिंग (क्रँकला धरून ठेवणारं) सैल असेल तर चौथं सीलही टिकणार नाही.