कुळागरात माणसासारखी पावले: राखणदार की अस्वल?

सत्तरीकर: गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याला लागून आमच्या मामांचे कुळागर (सुपारीची बाग) आहे. अवेळी पाऊस पडून गेला आणि सकाळी पाटाच्या कडेला चिखलात पावले उमटलेली दिसली. टाच, तळवा, पाच बोटे, अनवाणी माणसाचीच म्हणा ना! पण माझ्या पावलाहून बरीच रुंद. पुढे जांभा खडक लागतो तिथे ती संपतात. मामा म्हणतात, देवचार (जागेचा राखणदार देव) फिरला. यंदा त्याला रोट (भाकरीचा नैवेद्य) द्यायचा राहिलाय. धाकटा भाचा यतीवर (हिमालयातल्या दंतकथेतला हिममानव) अडून बसलाय. कामाला येणाऱ्या बाई तर आता नीट उजाडल्याशिवाय पाणी सोडायला जात नाहीत. फोटो काढलेत, माप घेतलेले नाही. काय असेल?

पेडण्याचा पाव्हणा: देवचार नसणार. दांडा, कांबळ घेऊन फिरणारा राखणदार अनवाणी कशाला येईल? वेताळाला तर आपल्याकडे वहाणा वाहतात, रात्री फिरून त्या झिजतात म्हणे. 😄

रानमाणूस_सांगे: चेष्टा पुरे. हे अस्वल वाटते. मी नेत्रावळीच्या जंगलाच्या बाजूचा, हा माग आम्हाला नवा नाही. अस्वल टाच टेकवून चालते, म्हणून मागचा पाय माणसाच्या पावलासारखा उठतो. त्यात चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून एकच लांबलचक पाऊल दिसते, आणि ओला चिखल खचला की ते आणखी पसरते. खडकावर ठसा उठणार कुठून? तिथे कोणी अदृश्य झालेले नाही.

आता फोटो नीट बघा. बोटे जवळजवळ सरळ ओळीत आहेत का? माणसाचा अंगठा आतल्या बाजूला, सर्वांत मोठा. अस्वलाचे आतले बोट सर्वांत लहान. पुढच्या पायाचा ठसा सुटा मिळाला तर बोटांपासून बऱ्याच पुढे नखांची टोके दिसतील. आजूबाजूला रोयण (वारूळ) फोडलेली आहे का तेही बघा, वाळवीसाठी अस्वल ती उकरते. (मामांना हे जपून सांगा, सातेरी देवीचे रूप ते.)

भाच्यालाही सांगा: १९५१ साली एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर काढलेल्या फोटोने यती जगभर गाजला. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी छापून आली. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

सत्तरीकर: एका फोटोत बोटांच्या पुढे चार बारीक भोके आहेत. मला वाटले काटक्या टोचल्यात. वरच्या बांधाला रोयणही फोडलेली आहे. मामांना दाखवले. म्हणाले, अस्वल असेल, पण त्याला धाडले कोणी?

रानमाणूस_सांगे: त्यावर वाद घालू नका, रोट देऊन टाका. बाईंना मात्र भुताच्या नावावर सोडू नका, अस्वल म्हणूनच सांगा. अवचित समोर आलेले अस्वल अंगावर येते. पहाटे-तिन्हीसांजेला एकट्याने जायचे नाही, मोठ्याने बोलत जायचे. पुन्हा माग दिसला तर शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. आणि डुकरांसाठी फासकी (फास) लावायची किंवा विष घालायची कल्पना कोणी काढली तर तिथेच थांबवा. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत चार वाघ विषाने मेले, ते तुमच्याच तालुक्यात.