पिट्सबर्गच्या बालाजीला जाताना वाटेत रोलर कोस्टर? (मुलगा नऊ वर्षांचा, बाबा बहात्तरचे)

ओसरी

नमस्कार मंडळी. जुलैअखेर आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला येतायत. पिट्सबर्गच्या बालाजीचं दर्शन हे आईचं तिकीट काढायच्या आधीच ठरलं होतं. आता चिरंजीवांनी त्यात रोलर कोस्टर घुसवलाय. यूट्यूबवर बघून बघून त्याला सगळ्यांची नावं, उंची, वेग तोंडपाठ आहे, बसलाय मात्र फक्त मॉलमधल्या ड्रॅगनमध्ये.

जाऊन-येऊन चार दिवस आहेत. जो तो हर्शी पार्क हे मोठं करमणूक पार्क सांगतोय. पण पाच जणांची तिकिटं काढायची आणि त्यातल्या तिघांनी दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळायच्या, हे काही पटत नाही. बाबांचा गुडघा दुखतो, आईला ऊन सोसत नाही. वाटेत लहान, जुनी पार्कं आहेत असं ऐकलं. तिथले लाकडी कोस्टर सुरक्षित असतात का? नवरा म्हणतो, लाकडी म्हणजे खिळखिळे.

भुईचक्र

धागा बघितला आणि राहवलं नाही. मी हॅरिसबर्गला राहतो, वय 46, आणि माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. आजवर ज्या ज्या कोस्टरमध्ये बसलो त्यांची नोंद तीत आहे: तारीख, कितवा डबा, आणि पुढे एक शब्द. सध्या आकडा 143. बायको तिला रोकड वही म्हणते, कारण घरातली रोकड तिथेच जाते.

तुमच्यासाठी माझं उत्तर एकच, पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्गचं कनोबल्स पार्क (इंग्रजीत Knoebels). हो, सुरुवातीचा के म्हणायचा. मी पहिली दोन वर्षं 'नोबल्स' म्हणत होतो, मग तिकीट खिडकीवरच्या आजींनी प्रेमाने सुधारलं. एडिसनहून साधारण तीन तास धरा.

तिथे आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायला पैसे नाहीत. 1926 पासून एकाच कुटुंबाचं पार्क आहे. ज्याला बसायचंय त्याने तिकिटांचं पुस्तक घ्यायचं, बाकीच्यांनी झाडाखाली बसायचं. आणि झाडं म्हणजे कुंडीतली नाहीत, खरंच जंगल आहे, मधून ओढा वाहतो. आईंच्या उन्हाचा प्रश्न तिथेच मिटला. डबा घेऊन गेलात तरी कोणी हटकत नाही. आम्ही दर वेळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो.

आता तिथल्या फिनिक्स या लाकडी कोस्टरबद्दल. हा मुळात तिथला नाहीच. 1940च्या दशकात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एका पार्कात 'रॉकेट' नावाने उभा राहिला. 1980 मध्ये ते पार्क बंद पडलं आणि कोस्टर तसाच गवतात उभा राहिला. कनोबल्सवाल्यांनी तो विकत घेतला, फळी न् फळीवर खुणा करून उतरवला, ट्रकांवर घालून पेनसिल्व्हेनियात आणला आणि 1985 मध्ये पुन्हा उभा केला. वाडा हलवताना तुळया-खांबांवर खडूने आकडे टाकतात ना, तसंच. म्हणून नाव फिनिक्स.

उंची 78 फूट, वेग ताशी 45 मैल. चिरंजीव नाक मुरडतील. मुरडू द्या. स्टेशनातून गाडी निघते ती थेट एका लांब बोगद्यात. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आणि सगळे ओरडायला लागतात, अजून काहीही झालेलं नसताना. मग साखळी धरते आणि टक-टक-टक करत चढ. खरी मजा शेवटी आहे. लहान लहान उंचवटे ओळीने येतात आणि प्रत्येकावर बूड बाकावरून सुटतं. मांडीवर एकच आडवी दांडी, तीही घट्ट आवळत नाही, त्यामुळे बोटभर नाही, चांगलं वीतभर उचललं जायला होतं. पोटात गोळा येतो तो एकदा नाही, मोजून घ्या.

शेवटच्या डब्यात बसवा. पुढचे डबे उतारावर निघालेले असतात तेव्हा मागचा अजून चढावर असतो, मग तो माथ्यावरून खेचला जातो. आणि जमलं तर अंधार पडल्यावर बसा. दिवसभर फिरून चाकं-वंगण गरम झालेलं असतं, सकाळच्यापेक्षा गाडी चांगलीच मोकळी पळते. माझ्या वहीत फिनिक्ससमोर सकाळी 'बरा' आणि त्याच दिवशी रात्री 'अगागागा' असं लिहिलंय.

नवऱ्याची शंका: लाकडी कोस्टर हलतो, हलायलाच हवा. ताठ राहिला तर तडकेल. रूळ म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक आणि वर पोलादी पट्टी, चाक त्या पट्टीवरून धावतं. शिवाय चाकं नुसती वर नसतात, रुळाच्या बाजूला आणि खालीही असतात, त्यामुळे डबा वर उचलला गेला तरी सुटत नाही. ही खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी रुळवली. रोज पार्क उघडायच्या आधी कामगार रुळावरून चालत तपासणी करतात, खराब फळ्या बदलत राहतात.

माझे वडील कराड डेपोत मेकॅनिक होते. सहा वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांना घेऊन गेलो. मी बसायला गेलो, ते कुंपणाशी उभे राहिले, हात मागे बांधून, डोकं तिरकं. एसटीचं इंजिन ऐकताना असेच उभे राहायचे. मी तीन फेऱ्या मारून आलो तरी तिथेच.

"ती टकटक साखळीची नाही," म्हणाले. "रॅचेट आहे. साखळी तुटली तरी डबा मागं यायचा नाही."

बरोबर होतं. डब्याच्या पोटाखाली एक जीभ असते, ती चढावरच्या दात्यांवर पडत पडत जाते. मी तेव्हा 90च्या वर कोस्टर केले होते आणि तो आवाज साखळीचाच समजत होतो. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, चल एकदा. मी घाबरलो, पण ते बसले. उतरल्यावर मी विचारतोय, कसं वाटलं, कसं वाटलं. टोपी नीट केली आणि म्हणाले, "ब्रेक बरा आहे."

(तुमच्या बाबांना बसवा असं म्हणत नाहीये. पाठ, मान, बीपी असेल तर नकोच. माझे वडील ऐकत नाहीत.)

पावटा

भुईचक्र, लिहिलंय झकास, पण एक सांगा. ओसरीताई न्यू जर्सीत राहतात. घराजवळ ग्रेट ॲडव्हेंचर पार्क आहे, तिथे एल टोरो कोस्टर आहे, तोही लाकडी, 181 फूट, ताशी 70 मैल. ते सोडून तीन तास गाडी हाकत 78 फुटांसाठी जायचं? आमच्या मुलांनी एल टोरो केल्यापासून त्यांना बाकी सगळं जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटतं.

भुईचक्र

पावटा, एल टोरो मला आवडतो. वहीत पहिल्या पाचात आहे. पण नऊ वर्षांच्या पोराचा पहिला मोठा कोस्टर तो असावा का? आधीच तिखटजाळ खाल्लं की पुढे वरण गोड लागत नाही, तुमच्या मुलांचं तेच झालंय.

आणि जत्रेतल्या पाळण्याला नावं ठेवू नका. म्हसवडच्या जत्रेत मी चार खोक्यांच्या लाकडी पाळण्यात बसलोय, वर एक माणूस लोंबकळून पायाने रेटा द्यायचा. माझ्या वहीत तो नाही, कारण नियमात बसत नाही, पण पोटात गोळा यायची सुरुवात तिथली.

उंचीचंच म्हणाल तर त्याच ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये 'किंगडा का' नावाचा कोस्टर होता, 456 फूट, जगातला सगळ्यात उंच. 2005 ला सुरू झाला, 2024 ला बंद, आणि 2025 च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. मी त्यात दोनदा बसलो. मिनिटभराचं काम, आणि दोन्ही वेळा मिळून रांगेत पाच तास. उलट पिट्सबर्गच्या केनीवूड पार्कातला जॅक रॅबिट हा लाकडी कोस्टर 1920 चा आहे आणि अजून पळतोय.

केनीवूडचं सांगायचंच राहिलं. ओसरीताई, बालाजी मंदिर पेन हिल्सला, केनीवूड वेस्ट मिफ्लिनला. वाहतूक नसेल तर पंचवीस मिनिटांचं अंतर. सकाळी दर्शन, देवळातलाच प्रसाद-जेवण, दुपारी केनीवूड. इथे मात्र प्रवेशाचं तिकीट आहे, त्यामुळे आई-बाबांना मंदिराजवळच्या हॉटेलवर आराम करू द्या आणि तुमच्यापैकी एकाने पोराला घेऊन जा.

1898 मध्ये ट्राम कंपनीने काढलेलं पार्क. रविवारी ट्राम रिकाम्या धावू नयेत म्हणून शेवटच्या थांब्याशी करमणूक, इतका साधा हिशोब. अशी पार्कं तेव्हा गावोगाव होती, बहुतेक गेली. हे कड्यावर आहे, खाली मोनोंगाहेला नदी, पलीकडे उद्योगपती कार्नेगीचा 1875 चा पोलाद कारखाना, अजून धूर सोडणारा. दरीचा उपयोग या लोकांनी असा काही केलाय की बघत राहावं. जॅक रॅबिट आणि थंडरबोल्ट, दोन्ही लाकडी कोस्टरांत स्टेशनातून निघालं की चढ नाहीच, गाडी सरळ दरीत उतरते. साखळीचा चढ नंतर. जॅक रॅबिटला शेवटी जोडउतार आहे, उतरता उतरता मध्येच एक पायरी येते आणि पुन्हा उतार. मागच्या डब्यात बसलात तर त्या पायरीवर तुम्ही अक्षरशः हवेत असता. शंभर वर्षांची म्हातारी ही, पण खोडी गेलेली नाही.

थंडरबोल्टमध्ये एकट्याला बसू देत नाहीत, जोडीदार लागतोच. मी एकदा कामानिमित्त एकटा गेलो होतो तेव्हा रांगेतल्या एका अनोळखी आजोबांना विचारलं. वळणांवर ते सगळे माझ्या अंगावर. उतरल्यावर म्हणाले, हनिमूनला बायकोबरोबर बसलो होतो, तेव्हा जागा अशीच कमी पडत होती.

तिथला फँटम्स रिव्हेंज पोलादी आहे आणि त्याचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा, थंडरबोल्टच्या लाकडी सांगाड्यातून आरपार जाणारा. चिरंजीवांची उंची पुरते का ते आधी पार्कच्या साइटवर बघा. मोजपट्टीपाशी रडारड बघवत नाही. माझ्यावर उलटी पाळी आलेली आहे: एका पार्कात, नाव घेत नाही, मुलांच्या, अळीएवढ्या छोट्या कोस्टरला 'सोबत लहान मूल नसेल तर बसता येणार नाही' म्हणून मला परत पाठवलं. पुढच्या खेपेला भाची उसनी नेली. तो माझा 117 वा.

मीठभाकर

आम्ही दोन वर्षांपूर्वी कनोबल्सला गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या. त्यांना कोस्टरशी देणंघेणं नव्हतं, पण तिथला 1913 चा मोठा कॅरोसेल त्यांनी सोडला नाही. बाहेरच्या ओळीतल्या घोड्यावर बसायचं, फिरता फिरता बाजूच्या दांड्यातून कडी ओढून घ्यायची. बहुतेक लोखंडी निघतात, पितळेची मिळाली तर एक फेरी फुकट. सत्तरीच्या बाईने पदर खोचून कडी ओढलेली मी पाहिलीय.

एक सूचना, मोबाइल झिप असलेल्या खिशात. माझ्या दिरांचा दुसऱ्या एका पार्कात गेला तो गेलाच.

ओसरी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री परतलो, म्हणून वृत्तांत.

कनोबल्सला अकराला पोचलो. बाबांना ओढ्याकाठी बाक मिळाला आणि ते दुपारभर हललेच नाहीत. म्हणाले, इथे वारणेसारखं गार आहे. (नाहीये. पण असो.) आईने कॅरोसेलवर चार कड्या ओढल्या, चारही लोखंडी. कड्या परत द्यायच्या असतात हे तिला कळलंच नाही. गाडीपाशी आल्यावर पर्समधून दोन निघाल्या, मग मी धावत परत. तिथल्या मुलाने हसून घेतल्या.

चिरंजीव फिनिक्सच्या बोगद्यात शिरताना माझा हात धरून होते. चढावर मला म्हणाला, "आई, ही टकटक रॅचेटची आहे, घाबरू नकोस." पहिली फेरी झाल्यावर एक शब्द बोलला नाही, मला वाटलं संपलं. मग म्हणाला, परत. एकूण सहा फेऱ्या, शेवटची अंधारात. नवरा दोनदा बसला. खिळखिळा हा शब्द त्याने मागे घेतलाय.

पिट्सबर्गला दर्शन छान झालं. केनीवूडला जॅक रॅबिट मिळाला, मग जो पाऊस लागला तो थांबेचना. थंडरबोल्ट राहिला.

आल्या आल्या चिरंजीवांनी वही मागितली. शाळेची जुनी चौकटीची दिली. त्यात मॉलमधला ड्रॅगन एक नंबरला आहे. चालेल का?

भुईचक्र

ड्रॅगन चालतो. रुळावर आहे, चढ आहे, उतार आहे, मोजायचा. थंडरबोल्ट राहिला ते उत्तम, परत जावं लागेल.

फिनिक्सला कितवा डबा?

ओसरी

मधला. सहाही वेळा. तिथे कामाला असलेल्या मुलाने जिथे बसवलं तिथे बसलो.

भुईचक्र

मधला?? सहाही वेळा?? अहो ताई.