आइसलँडमध्ये एवढ्या सोयी असून पाळणे का हलेनात?

सायली_रेक्याविक

नमस्कार मंडळी, रेक्याविकला येऊन दीड वर्ष झालं, मी आणि नवरा दोघं इथे नोकरी करतो, आणि हल्ली दर रविवारच्या फोनवर "मग कधी?" हा एकच विषय असतो. म्हणून म्हटलं जरा बघू तरी इथे बाळंतपणाचं काय कसं असतं, आणि वाचता वाचता डोकंच चक्रावलं.

म्हणजे बघा, रजा आईबाप मिळून १२ महिने. सहा आईचे, सहा बापाचे, त्यातले फक्त सहा आठवडे एकमेकांना देता येतात, बाकीचे बापाने घेतले नाहीत तर गेले. पगाराच्या ८०% पैसे मिळतात (वर कमाल मर्यादा आहे, पण ती आता वाढवत नेलीये). स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक यादीत हा देश २००९ पासून पहिला नंबर सोडायला तयार नाही. लग्नाचं तर कुणी विचारतच नाही, इथली दहातली जवळपास सात बाळं लग्न न झालेल्या आयांची. माझ्या ऑफिसातली सव्वीस वर्षांची पोरगी पार्टनरसोबत राहते, दुसऱ्यांदा रजेवर गेली, कुणाची भुवई सुद्धा हलली नाही, उलट केक आणला सगळ्यांनी. आणि कॅफेच्या बाहेर थंडीत बाबागाडीत बाळं ढाराढूर झोपलेली आणि आई आत काचेपाशी कॉफी पितेय, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाच जीव वरखाली झाला होता!

एवढं सगळं असून जननदर २०२४ ला १.५६. दर बाईमागे दीड मूल. त्या वर्षी अख्ख्या देशात ४,३११ बाळं जन्मली. आणि २००९ मध्ये, म्हणजे बँका बुडून देशाचं दिवाळं वाजायची वेळ आली होती तेव्हा? ५,०२६! लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखाच्या आत होती, आता पावणेचार लाखाच्या वर गेलीये. सोयी वाढल्या, माणसं वाढली आणि बाळं घटली, हे काय गौडबंगाल आहे? इथे राहणाऱ्या कुणी सांगेल का? आम्हाला ठरवायचंय म्हणून विचारतेय, नुसतं कुतूहल नाही.

आकडेमोड_चालू

सायलीताई, आधी २००९ ची गंमत सोडवतो. बँका कोसळल्या ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे २००९ च्या जून-जुलैपर्यंत जन्मलेली बाळं ही दिवाळं निघायच्या आधीच पोटात होती, ती तेजीची बाळं, मंदीची नव्हेत 😄 पण २०१० ला पण ४,९०७ जन्मली, ते मात्र मंदीतलेच. माझं मत असं की तेव्हा लोकांना ओव्हरटाइम नव्हता, काहींना नोकरीच नव्हती, मग घरी बसायचंच आहे तर हीच वेळ बरी असा हिशेब बऱ्याच जणांनी केला असावा. मग सरकारने रजेच्या पैशाची कमाल मर्यादा कापत कापत ३ लाख क्रोनांवर आणली (आधी ५ लाख ३५ हजार होती), सगळ्यात आधी बापांनी रजा कमी केली कारण पगार त्यांचा जास्त, आणि त्यानंतर दर जो घसरायला लागला तो घसरतोच आहे. मधे २०२१ ला कोरोनात एकदा उसळी, १.८२, पुढच्याच वर्षी धाडकन १.५९.

दुसरं म्हणजे १.५६ चा अर्थ "इथल्या बायकांना दीडच मूल होतं" असा धरू नका. तो त्या एका वर्षाचा फोटो आहे. १९८० पर्यंत इथे पहिलं बाळ सरासरी बाविशीच्या आत व्हायचं, आता अठ्ठावीस-एकोणतीस. सगळ्याच जणी पुढे ढकलत असतील तर ढकलण्याच्या वर्षांत आकडा पडलेलाच दिसणार, काही जणींची बाळं नंतर येतील. काहींची येणार नाहीत हेही खरं, आणि त्या किती हे आत्ता कुणालाच सांगता येत नाही.

आणि एक, भागाकारात तुम्ही आम्ही पण आहोत. २०२४ च्या सुरुवातीला इथल्या लोकसंख्येत १८% बाहेरून आलेले होते, त्यात कामासाठी आलेल्या तरुण बायका भरपूर. मूल इथे होवो न होवो, छेदात त्या धरल्या जातातच. तेव्हा तो दर खाली ओढण्यात तुमचाही हातभार आहे ताई, रागावू नका.

बर्फातली_बाहुली

एवढं गणित कशाला, घरं बघा की घरं!! ऑगस्ट २०२३ पासून २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ९.२५% होता, त्यावर गृहकर्ज कितीला पडत असेल विचार करा. आम्ही दोघं तळघरातल्या एका खोलीत राहतो, पाळणा काय छताला टांगू?

आकडेमोड_चालू

बाहुली, घराचा मुद्दा बरोबर आहे पण दर पडला २०२२ मध्ये, म्हणजे निर्णय २०२१ चे, तेव्हा व्याज इथल्या मानाने अगदी स्वस्त होतं. नुसत्या व्याजाने उत्तर निघत नाही.

दोन_पोरांची_आई

आकडे झाले असतील तर आता जरा घरातलं सांगते. हाफ्नारफ्योर्दुरला नऊ वर्षं आहे, दोन्ही बाळंतपणं इथेच झाली.

सायली, बाळंतपणाचं म्हणशील तर डोळे मिटून कर. सगळं सुईणीच्या हातात असतं, डॉक्टर काही अडलं तरच. सुईणीला इथे ल्योसमोदिर म्हणतात, म्हणजे "प्रकाशाची आई", २०१३ ला लोकांनी हा त्यांच्या भाषेतला सगळ्यात सुंदर शब्द म्हणून निवडला होता आणि माझ्या मते योग्यच निवडला. घरी सोडल्यावर पहिले काही दिवस ती घरी येते, बाळाचं वजन बघते, दूध नीट येतंय का बघते, मी रडत होते तर शेजारी बसून राहिली. नावाची पण घाई नाही, सहा महिन्यांची मुदत असते, आमची थोरली दोन महिने कागदोपत्री नुसती "मुलगी" होती.

रड आहे ती बारा महिन्यांनंतर. रजा संपते बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला, आणि बालवाडीत जागा मिळते तेव्हा मिळते. धाकट्याला एकोणिसाव्या महिन्यात मिळाली. मधले सात महिने? घरी मुलं सांभाळणाऱ्या बायका असतात, डागमम्मा म्हणतात त्यांना, त्यांच्याकडे आम्ही पोट दिसायच्या आधी नाव घालायला हवं होतं, आम्ही घातलं बाळ झाल्यावर, तोवर सगळ्या फुल. शेवटी मी अर्धवेळ झाले. मीच, कारण नवऱ्याचा पगार जास्त. कागदावर समानता पहिल्या नंबरची, पण जिथे सिस्टिममध्ये भोक आहे तिथे बुजवायला उभी कोण राहते ते बघ. बालवाडी मिळाल्यावर सुद्धा आज माणसं कमी आहेत लवकर न्या, उद्या इमारतीत बुरशी निघाली दुसरीकडे सोडा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आईबाप पोरं घेऊन थेट रेक्याविकच्या सिटी हॉलमध्ये जाऊन बसले होते ते याचसाठी. कोपावोगुरच्या पालिकेने २०२३ पासून रोज सहा तास बालवाडी फुकट केली, ऐकायला छान, पण सहाच्या वर गेलात की पैसे जास्त, आणि सहा तासांची नोकरी असते कुणाची?

तर मग इथले आधीचे लोक चार-चार पोरं कशी वाढवत होते असं मी माझ्या शेजारणीला विचारलं, सत्तरीच्या आहेत. त्या म्हणाल्या, आजी होती ना. आजीला इथे "अम्मा" म्हणतात, ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. आता अम्माच सदुसष्ट वर्षांपर्यंत नोकरी करते. म्हणजे मूल विशीत झालं तर अम्मा पंचेचाळीशीची आणि कामावर, तिशी उलटल्यावर झालं तर अम्मा थकलेली. आणि आपल्यासारख्यांची अम्मा तर विमानाने दोन टप्पे लांब.

तिसऱ्याचा विचार होता आमचा. सोडला. त्या सात महिन्यांसाठीच सोडला, पैशासाठी नाही.

नंदूकाका_उत्तरध्रुव

सगळं वाचलं. मी इथे १९९१ पासून आहे, तेव्हा थोडं जुनं सांगतो. या देशात आई होणं ही कधी "सगळं स्थिरस्थावर झाल्यावर" करायची गोष्ट नव्हती. मी आलो तेव्हा विद्यापीठात पोरी पोटुशा राहून परीक्षा द्यायच्या, कुणी त्याचं कौतुकही करायचं नाही आणि नावंही ठेवायचं नाही. १९७५ च्या २४ ऑक्टोबरला बायकांनी काम बंद ठेवलं, घरचं आणि बाहेरचं, जवळपास नव्वद टक्के बायका त्यात होत्या, बाप लोक पोरं घेऊन ऑफिसात गेले. पाच वर्षांनी १९८० ला विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, घटस्फोटित आणि एकटीने दत्तक मुलगी वाढवणाऱ्या. एकट्या आईला देशाच्या सर्वोच्च खुर्चीत बसवणारे लोक आहेत हे.

आता माझ्या मुलीचं बघतो, इथेच जन्मली, एकतीस वर्षांची आहे. तिचं म्हणणं आधी मास्टर्स, मग जग फिरायचं, मग फ्लॅट, मग बघू. तिच्या मैत्रिणींचंही तेच. पूर्वी मूल यादीत वर असायचं आणि बाकी सगळं त्याच्या भोवती बसवायचे. आता मूल यादीत शेवटी गेलंय आणि वरची यादी काही संपत नाही. रजा दोन महिन्यांनी वाढवून ही यादी कशी उलटी होणार? फिनलंडचं बघा, बालसंगोपनाच्या सोयींसाठी जगात नावाजलेला देश, २०१० ला १.८७ होता, आता सव्वाच्या आसपास.

बर्फातली_बाहुली

काका तुमच्याबद्दल आदर आहे पण यात पोरींनाच नावं ठेवताय असं वाटतंय. तुमच्या वेळी पोटुशा पोरी परीक्षा द्यायच्या कारण अम्मा घरी होती आणि भाड्याने खोली मिळत होती. यादी आम्ही हौसेने नाही लांबवली.

नंदूकाका_उत्तरध्रुव

नावं नाही ठेवत गं. माझी बायको चाळीस तास नोकरी करत होती आणि आम्हाला अम्मा नव्हतीच इथे, तरी दोन झाली. पण खोलीचं म्हणतेस ते खरं, आमचं भाडं पगाराच्या पाव भागात बसायचं. मुलीला पण हेच विचारलं तर "बाबा तुम्ही गप्प बसा" म्हणाली 😅

सायली_रेक्याविक

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @दोन_पोरांची_आई ताई, तुमचं वाचून नवऱ्याला लगेच दाखवलं, तो म्हणतो माझे सहा महिने तुझे संपल्यावर घेतो, एकत्र नको, म्हणजे वर्ष तरी सलग निघेल. एक शंका आहे, तो पुढच्या महिन्यात नोकरी बदलतोय, त्याने रजेला काही अडचण येते का?

दोन_पोरांची_आई

नोकरी बदलली तरी चालते, पण मधे खंड पडू देऊ नको. बाळाच्या जन्माआधी सलग सहा महिने इथे काम केलेलं लागतं, तेव्हा जुनी सोडून नवीनला जॉइन व्हायच्या मधे "जरा महिनाभर घरी जाऊन येतो" असलं काही ठरवलं असेल तर आधी रजेच्या फंडाच्या लोकांना विचारून घ्या. पैसे ठरवताना जन्माच्या सहा महिने आधी संपणारं वर्ष धरतात, त्यामुळे नवीन पगार जास्त असेल तर तो हिशेबात यायला वेळ लागेल. रजा बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत कधीही घेता येते, तुकड्या-तुकड्यात पण, तेव्हा नवऱ्याने थोडी मागे राखून ठेवली तरी चालेल.

आणि डागमम्माकडे नाव घालायचं ते पोट दिसायच्या आधी. बालवाडीचा अर्ज बाळाला केन्निताला, म्हणजे इथला ओळख क्रमांक, मिळाला की त्याच दिवशी. पेढे नंतर.