पावसात ८०० मिसिंग मारतेय: प्लग बदलू की वायरी?

घाटवळण, सावंतवाडी
गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. वडिलांची आहे, त्यामुळे "विकून टाका" हे उत्तर नको. उन्हाळ्यात एकदम गुणी. पाऊस धरला की आंबोलीचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये हिसके देते, वर सपाटीला आली की पुन्हा शहाणी.

स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकतात ते) काढून बघितले. दोन एनजीकेचे बीपीआर६ईएस आणि तिसरा बॉशचा डब्ल्यूआर७डीसी! कुणी, कधी बसवला देव जाणे. दुकानदार म्हणतो ६ आणि ७ एकत्र चालत नाहीत, तिन्ही एनजीकेचे ७ नंबर घ्या, नाहीतर सरळ इरिडियमच्या टोकाचे टाका. शिवाय ८ एमएमच्या लाल सिलिकॉन वायरींचा सेट काढून ठेवलाय, "पिकअप वाढेल" म्हणे. नक्की काय घेऊ?

कोथरूडकर
इरिडियम टाका आणि विसरून जा. माझ्या स्विफ्टमध्ये आहेत, प्लगकडे बघावंच लागत नाही.

उद्यमनगरवाला, कोल्हापूर
सावंतवाडीकर, आधी एक करा. तो ७ नंबरचा एनजीके घेऊ नका.

एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशचं बरोबर उलटं, आकडा वाढला की प्लग गरम. म्हणून एनजीकेचा ६ आणि बॉशचा ७ जवळजवळ एकाच पायरीवर येतात. ज्यानं तो तिसरा प्लग बसवला त्यानं तक्ता बघून बसवलाय, तुमच्या दुकानदारानं नुसता आकडा वाचला. तरीही तिन्ही एकाच कंपनीचे असावेत हे माझं मत, उद्या काढून रंग बघायचा झाला तर तुलना सरळ होते. कुठली पायरी घ्यायची ते गाडीच्या पुस्तकात बघा.

थंड प्लग म्हणजे थंड ठिणगी नव्हे. आतलं चिनी मातीचं नाक आपली उष्णता हेडला, म्हणजे प्लग बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाला, किती लवकर देतं, एवढाच तो हिशोब. नाक ४५० ते ५०० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साठत जाते. ८०० अंशांच्या बरंच वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं. बाजारपेठेत हळूहळू फिरणाऱ्या ८०० ला गरजेपेक्षा थंड प्लग घातलात तर थोड्याच दिवसांत काळाकुट्ट होऊन बाहेर येईल. बाकी अक्षरांत बी म्हणजे १४ एमएमचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ एमएम. या लांबीशी खेळ नको. जास्त लांब प्लग पिस्टनला भेटतो.

आता मूळ दुखणं. फक्त पावसात आणि फक्त चढाला हिसके, म्हणजे माझा संशय प्लगवर नाहीच, वायरींवर आहे. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगच्या टोकाची गॅप ओलांडायला करंटला जास्त व्होल्टेज लागतं. त्याच वेळी वायरीचं रबर तडकलेलं आणि वर ओल असेल तर त्याला हेडकडे जायची सोपी वाट मिळते. प्लग बिचारा उपाशी.

रात्री अंधारात बॉनेट उघडा, गाडी स्लोवर ठेवा आणि फवाऱ्यानं वायरींवर थोडं पाणी उडवा. निळं काही चमकलं तर चोर सापडला. हात मात्र लांब ठेवा, वीसेक हजार व्होल्टचा झटका आयुष्यभर लक्षात राहतो.

कोथरूडकर, इरिडियमचं टोक बारीक असतं, ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं आणि ते झिजतही सावकाश, हे खरं. पण ८०० चे प्लग पुढून हाताला येतात, चहा गार व्हायच्या आत बदलून होतात. तिथं एवढे पैसे कशाला? आणि गळकी वायर इरिडियमनंही गळतीच राहणार.

घाटवळण, सावंतवाडी
काळोख पडल्यावर केलं. मधल्या सिलिंडरच्या वायरीला, रबरी बुटाच्या जरा वर, टिकटिक आवाज आणि निळी रेघ! ती वायर हेडला घासूनच गेली होती. मल्टिमीटरवर बाकीच्या ठीक वाटतात, पण कॉइलवाली (व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलकडून येणारी) हलवली की आकडा गायब होतो. मग त्या लाल ८ एमएमवाल्या घेऊ का?

उद्यमनगरवाला, कोल्हापूर
वायरीची जाडी म्हणजे वरच्या रबराची जाडी, त्यानं पिकअप वाढत नाही. सिलिकॉन उष्णता चांगली सोसतं, त्यासाठी घ्यायच्या तर घ्या, रंग कुठलाही चालेल. फक्त आत कार्बनचा किंवा गुंडाळलेल्या तारेचा रेझिस्टन्सवाला गाभा आहे ना, ते मीटर लावून बघा. नुसती तांब्याची तार असेल तर रेडिओवर गाण्याऐवजी खरखर ऐकाल.

कॉइलची धरून चारही बदला. एक काढायची, तिथं नवी बसवायची, मग दुसरी. सगळ्या एकदम उपटल्या की सिलिंडर पेटायचा १-३-२ चा क्रम लावत बसावं लागतं. बूट धरून पिळून काढा, वायर ओढू नका. नव्या वायरी क्लिपमध्ये अडकवा, हेडला टेकू देऊ नका.

नवे प्लग बसवताना गॅप फिलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) मोजा, अशा कार्बोरेटरवाल्या गाडीला ०.७ ते ०.८ एमएम. इंजिन गार असताना हातानं शेवटपर्यंत फिरवा, मग पान्यानं अर्ध्या फेऱ्यापेक्षा थोडं जास्त. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर दाखवायची जागा नाही ती.

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाची, कॅप उघडून आतून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप गेली. पुसून भागत नाही, बदला, आणि आत फिरणारा रोटर स्वस्त असतो, तोही त्याच वेळी घ्या.