मेंदूत जंताच्या गाठी आणि दिराचं बदललेलं वागणं - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या दिराला (वय २९, सांगली) दिवाळीनंतर पहिल्यांदा फिट आली, एमआरआय केला तर न्यूरोसिस्टिसरकोसिस निघालं, म्हणजे मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी. एकीत पांढरा ठिपका दिसतो, ते अळीचं डोकं म्हणे. आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यामुळे घरात कोणाला पटेचना. डॉक्टरांनी समजावलं की डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर आतड्यात कृमी होतो, मेंदूचा आजार होतो तो कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, मग न धुतलेली कोथिंबीर असो की स्वयंपाक करणाऱ्याचे हात. सासूबाईंनी तरी कोबी बंद केलाच.

खरा प्रॉब्लेम पुढचा आहे. आधी स्टेरॉइड (अळी मरताना सूज वाढते म्हणून), मग अल्बेंडाझोल हे जंताचं औषध, शिवाय फिटसाठी लेव्हेटिरासिटाम. फिट परत नाही आली पण माणूसच बदललाय हो. रात्र रात्र जागा, शेजारच्या काकू खिडकीतून नजर ठेवतात म्हणून पडद्यांना सेफ्टी पिना लावून ठेवल्यात, परवा तर माझ्या नवऱ्याच्या अंगावर धावून गेला, एरवी कधी आवाज न चढवणारा मुलगा.

वाचलं की या आजारातच डिप्रेशन, संशय, भास होऊ शकतात, स्टेरॉइडनेही होतं, आणि लेव्हेटिरासिटामने चिडचिड तर बऱ्याच जणांची होते. मग धरायचं कोणाला? न्यूरोवाले म्हणतात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, ते म्हणतात आधी मेंदूचं निस्तरू दे. चुलत सासरे म्हणतात बाहेरचं बघून घ्या, त्यांना मी एमआरआयची फिल्मच दाखवली.

कोणाच्या घरी असं झालंय का? गाठी सुकल्यावर वागणं पूर्ववत झालं का? फिटची गोळी बदलून फरक पडला का? (मनाने बंद करणार नाही, एकदम थांबवली तर फिट येऊ शकते हे माहितीये, त्यावर लेक्चर नको प्लीज.) आणि घरातल्या सगळ्यांची स्टूल टेस्ट करावी का, कामाच्या मावशींना कसं विचारू?

अपडेट: न्यूरोवाल्यांना फोन केला, संशयाचं ऐकून उद्याच बोलावलंय, गोळी बदलायचं बघू म्हणाले. स्टेरॉइडचा डोस कमी होत चाललाय. पुणे-मिरजेकडे न्यूरो आणि मानसोपचार दोन्ही एकाच ठिकाणी बघणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.