प्रतिसाद: कोंबडीत नाही, उंदरात आहे

दामोदरबाब, इम्प्रिंटिंगचे (म्हणजे एखाद्या जनुकाची फक्त आईकडची किंवा फक्त बापाकडची प्रत चालण्याचे) मूळ गर्भ अंगात वाढवण्यात आहे, हे तुमचे म्हणणे मला बव्हंशी पटते. आपली गावठी कोंबडी बलक भरते ती फलनाआधी. बापाच्या जनुकांना आईकडून पिल्लासाठी जास्त मागायला वावच नाही. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपस या सस्तन प्राण्यात आयजीएफ-२ या वाढ घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती चालतात, पिल्लू अंगात वाढवणाऱ्या ऑपॉसममध्ये (पिशवीवाल्या प्राण्यांचा नातलग) आणि उंदरात फक्त बापाकडची. १९९१ साली दिसले की उंदरात ती बिघडली तर पिल्लू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचे होते. आईकडची बिघडली तर फरक पडत नाही.

यंत्रणाही सुबक आहे. आईकडच्या गुणसूत्रावरच्या नियंत्रक पट्ट्यावर मेथिल (डीएनएवरची रासायनिक खूण) नसते, म्हणून तिथे सीटीसीएफ नावाचे प्रथिन बसते आणि एन्हान्सरची, म्हणजे जनुकाला चालना देणाऱ्या डीएनएच्या तुकड्याची, वाट अडवते. बापाकडचा पट्टा मेथिलित, वाट मोकळी.

फोंड्याच्या तुमच्या विद्यार्थ्यांनी वारेचा (प्लासेंटाचा) डेटा घेतला तर मात्र जपून. वारेत आईच्या पेशी मिसळतात आणि ‘फक्त आईकडची प्रत चालते’ असा खोटा निकाल येतो. शिवाय संकर दोन्ही बाजूंनी हवा: अ मादी–ब नर, तसेच ब मादी–अ नर. एकाच बाजूचा केला तर वाणाचा फरक कुठला नि पालकत्वाचा कुठला, हे कळत नाही. आणि उंदरावरून माणसाचे ठरवू नका. आयजीएफ-२-आर हे आयजीएफ-२ला आवरणारे जनुक उंदरात फक्त आईकडच्या प्रतीतून चालते, माणसात बहुधा दोन्ही प्रतींतून.