मदत हवी आहे: गायगर काउंटरच्या (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींतून उष्णतेचा परिणाम वेगळा कसा काढावा?

नमस्कार. पर्ड्यू विद्यापीठाच्या जेनकिन्स आणि फिशबाख यांनी डिसेंबर 2006 मधील सौरज्वालेच्या सुमारास मँगनीज-54 या किरणोत्सारी पदार्थाच्या क्षयाचा वेग किंचित घटल्याचे मांडले होते. पुढे अनेक प्रयोगशाळांच्या काटेकोर मोजमापांत तसे आढळले नाही आणि संशयाची सुई उपकरणांकडेच वळली. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत मुलांना हीच पडताळणी प्रत्यक्ष दाखवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शेतीच्या म्युरेट ऑफ पोटॅश खतातील किरणोत्सारी पोटॅशियम-40 हा आमचा स्रोत आहे. मिनिटाला साधारण 60 नोंदी मिळतात, म्हणजे 0.1 टक्का अचूकतेसाठी लागणाऱ्या 10 लाख नोंदींना जेमतेम 12 दिवस पुरतात. अडचण खोलीची आहे: छत टिनाचे, मे महिन्यात बाहेरच पारा 45 अंशांवर. काउंटरची नळी थर्माकोलच्या पेटीत ठेवली, वीज जाते म्हणून बॅटरी जोडली, आणि पावसाळ्यात खताचे लालसर दाणे ओल धरून गोळा झाल्यावर नवे खत हवाबंद बरणीत भरले. तरीही दुपारच्या आणि पहाटेच्या नोंदींत फरक पडतोच. बंद खोलीत रात्री साचणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू आणि पावसासोबत खाली येणारी, त्याच्या क्षयातून बनलेली अपत्यमूलद्रव्ये पार्श्वभूमीही (स्रोत नसतानाच्या नोंदी) हलवतात.

दुसरी नळी घेणे परवडणारे नाही. अशा वेळी एकाच नळीने स्रोत आणि पार्श्वभूमी आलटून पालटून किती किती वेळ मोजावी, आणि तापमानाची दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करावी?